माझे ओठ दोन शब्द पुढे

आमच्या मुलुंडच्या वसाहतीत जयंतीच्या स्टेजवर एखादं पोर भाषणाला उभं राहिलं की लोक पोराकडे बघायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. कारण पोराच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आधी तो माझ्या ओठांवर दिसायचा. मी दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पांढरी साडी, मांडीवर पर्स, आणि ओठ कायम दोन शब्द पुढे. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना ऐकू कमी यायचं. ते कार्यकर्त्यांना सांगायचे, "मला स्पीकरजवळची खुर्ची नको. वहिनींचं तोंड दिसेल अशी द्या."

हे कौतुक आहे असं मला वाटायचं. त्या वयात मला बऱ्याच गोष्टी कौतुक वाटायच्या.

तेव्हा मी पस्तिशीतली. एका सरकारी कचेरीत मराठी टंकलेखिका. साहेबलोक मसुदा लिहून द्यायचे आणि मी तो टाइप करता करता साहेबांच्या चुका सुधारायचे. साहेबांना पत्ता लागायचा नाही, आणि मला मात्र दिवसभर गुदगुल्या व्हायच्या. चूक शोधणं हे माझं काम नव्हतं, व्यसन होतं. लग्नाची पत्रिका आली तरी मी आधी त्यातल्या चुका बघायचे, मग मुहूर्त. वर्तमानपत्रसुद्धा हातात पेन्सिल घेऊन वाचायचे. घरात लाल-निळी पेन्सिल होती, तिची लाल बाजू झिजून बोटभर उरली होती आणि निळी अगदी कोरी. आता विचार करते, ती निळी बाजू कशासाठी असेल बरं? बरोबर असलेल्या गोष्टींवर खूण करायला असणार. माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर एप्रिल जवळ आला की वसाहतीतल्या आया माझ्याकडे यायच्या. "ताई, आमच्या पोरीला पाच-सात ओळींचं भाषण द्या ना. तुमच्यासारखं." तुमच्यासारखं म्हटलं की मी विरघळलेच. डबा खायच्या सुट्टीत मी कचेरीतल्या टाइपरायटरवर भाषणं बडवायचे. कार्बन घालून एका वेळी चार प्रती. वरची ठळक प्रत अर्थात माझ्या लेकीला. दुसरी, तिसरी शेजारपाजारी. चौथी इतकी फिकट यायची की ती ज्या पोराच्या वाट्याला जाई ते पोर स्टेजवर कागद उन्हाकडे धरून वाचायचं.

त्यामुळे व्हायचं काय, की सातवीतली मुलगी जे बोलायची तेच पाचवीतली बोलायची आणि तेच दुसरीतली. फक्त "मी अमुक इयत्तेत शिकते" एवढं बदलायचं, तेही लक्षात राहिलं तर. शिवाय माझं सगळं लिखाण कचेरीच्या वळणाचं. एका वर्षी पहिलीतली एक चिमुरडी भाषण छान म्हणाली, शेवटी मान लववली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कळावे, आपली विश्वासू." हात सवयीनं चालला होता माझा. मंडप हसून लोटपोट. आमचे हे मंडपाच्या कोपऱ्यात लाउडस्पीकरचं मशीन सांभाळायचे, ते रात्री जेवताना म्हणाले, "पुढच्या वर्षी जावक क्रमांक पण टाक." 

त्यानंतरच्या वर्षी माझी लेक पाचवीत होती. दहा वर्षांची. मी मेथी निवडत बसले होते, तर ही माझ्यापुढे वहीची दोन पानं घेऊन उभी. पेन्सिलीनं लिहिलेली, खोडरबरानं काळी झालेली.

"आई, या वेळी मी माझं मी लिहिलंय."

"बघू."

मी मेथी बाजूला केली, हात पुसले आणि पेन्सिल उचलली. कुठली बाजू, ते सांगायला नको.

पहिल्या पानावर लिहिलं होतं : *माझ्या आजीला सही करता येते. आधी येत नव्हती. आजी सही करायला लागली की बँकेतले काका चहा पिऊन येतात, तरी तिची सही चालूच असते. शेवटचा काना काढताना ती जीभ बाहेर काढते.*

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. जालन्याकडच्या खेड्यातून लेकाकडे राहायला आलेल्या. आयुष्यभर अंगठा दिला, आणि मुंबईत आल्यावर एक दिवस बँकेतून घरी येऊन म्हणाल्या, शाईचा अंगठा पदराला पुसायची मला लाज वाटते. तेव्हापासून त्या सही शिकत होत्या.

आज कुणी मला विचारलं, दहा वर्षांच्या पोरीनं याहून चांगली सुरुवात कशी करावी, तर मला सांगता येणार नाही. पण तेव्हा मला सगळंच सांगता येत होतं.

"अगं, ही काय भाषणाची सुरुवात झाली? आदरणीय व्यासपीठ कुठंय? महामानव कुठंय? आणि आजीची जीभ कशाला बाहेर काढतेस चारचौघांत?"

"पण ती काढते ना."

"काढते ती घरात. समोर कोण कोण बसणार आहे माहितीये? बँकेतले, रेल्वेतले, कॉलेजातले प्राध्यापक. त्यांना जाऊन सांगायचं, आमची आजी कालपर्यंत अंगठेबहाद्दर होती?"

 लेक म्हणाली, "त्यांच्या आज्यांना येते का सही?"

 उत्तर सुचलं नाही की माझा आवाज चढायचा. "उलटं बोलू नकोस."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "काढू दे की गं जीभ. माझीच हाय."

पण मी कुणाचं ऐकते! पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अशी लाल रेघ ओढली की पेन्सिलीचं टोक मोडलं. दुसरं पान उलटायची गरज मला वाटली नाही. शितावरून भाताची परीक्षा करणारी बाई मी. दोन्ही पानं तिच्या हातात कोंबली आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीत नवं भाषण टाइप करून आणलं. त्यात *उत्तुंग* होतं, *अजरामर* होतं, *दैदीप्यमान* तर तीनदा होतं. आजी नव्हती.

पंधरा दिवस तालीम. मान वर कर. हात मागे. डुलू नकोस. आवाज पोटातून काढ, नाकातून नको. 'दैदीप्यमान' म्हणताना दम घे. चुकलीस, पहिल्यापासून. मध्येच पोरीनं एखादी ओळ खरंच छान म्हटली की मी काय करायचे? काही नाही. पुढच्या ओळीवर जायचे. बरोबर आलं त्यात सांगण्यासारखं काय असतं, असा माझा हिशेब. कचेरीत साहेब कधी येऊन म्हणाले होते का, बाई, आज तुम्ही 'दिनांक' शब्द फार सुंदर टाइप केलात?

जयंतीचा दिवस उजाडला. निळ्या पताका, फोटोला हा मोठा हार, माइकवर ह्यांचं "हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन." माझी लेक स्टेजवर गेली. नवा पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. पहिल्या पाच ओळी तिनं घड्याळासारख्या म्हटल्या. मग दुसरं 'दैदीप्यमान' आलं आणि पोरगी अडकली.

अडकली की तिनं काय करायचं हे मीच शिकवलं होतं : आईच्या ओठांकडे बघायचं आणि आई म्हणेल ते म्हणायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पण त्या क्षणी मला तिचा शब्द दिसलाच नाही, तिचा वाकलेला खांदा दिसला. सवय! मी दातओठ खात कुजबुजले, "सरळ उभी राहा!"

आणि माझी आज्ञाधारक लेक माइकमध्ये म्हणाली, "सरळ उभी राहा!"

पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या घाबरून उभ्या राहिल्या.

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे नाही!"

"अगं बाई, हे नाही!" स्पीकरवरून सगळ्या मुलुंडला ऐकू गेलं.

म्हाताऱ्या खाली बसल्या. मंडपात जे काही हसू फुटलं म्हणता! ते कमी ऐकू येणारे काका तर टाळ्या पिटत होते, त्यांना पहिल्यांदाच भाषण पूर्ण समजलं होतं. लेक तशीच उभी. फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग नमस्कार करून खाली आली. रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ तरी घेतलं असतं, असं मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगू? नसतं घेतलं. मला माझीच लाज सावरायची होती.

घरी येऊन मी एकच वाक्य बोलले. "सगळी वाट लावलीस. पुढच्या वर्षी घरीच बस."

एरवी दहा वेळा सांगून एक काम न करणाऱ्या पोरीनं हे एक वाक्य मात्र तंतोतंत पाळलं. पुढच्या वर्षी घरी बसली. त्याच्या पुढच्या वर्षीही. शाळेत कविता म्हणायची वेळ आली की तिला ताप भरायचा, थर्मामीटरवर दिसणारा, खराखुरा. कॉलेजात वर्गापुढे बोलावं लागेल म्हणून तिनं विषय बदलला. पुढं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली, हुशार निघाली, आज तिथं नव्या पोरापोरींना ती शिकवते, पण एकेकट्याला, टेबलाशी बसून, हळू आवाजात. दहाजणांपुढे उभं राहायचं म्हटलं की कागद दुसऱ्याच्या हातात देते. मी एकदा विचारलं, तुला कंटाळा नाही का येत त्या बाटल्यांचा? तर म्हणाली, "नमुने बरे असतात आई. हसत नाहीत आणि ओठ पण हलवत नाहीत."

आमचे हे गेले त्याच्या आदल्या वर्षी आम्ही दोघं गॅलरीत चहा पीत बसलो होतो. मध्येच म्हणाले, "त्या दिवशी मी बटण बंद करायला हवं होतं."

"माइकचं?"

"तुझं."

आता वर्तमानकाळ. लेक नाहूरला राहते, माझ्यापासून एका स्टेशनावर. तिची मुलगी, माझी नात, चौथीत आहे. शाळेतून ती माझ्याकडे येते आणि संध्याकाळी लेक कामावरून परतताना तिला घेऊन जाते. म्हणजे रोजचे चार तास माझ्या हाती एक कोरं पान, आणि त्यावर सही कुणाचीही चालेल, फक्त माझी नाही. कारण लेकीनं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, हिला चूक-बरोबर मी सांगेन. तू फक्त खायला घाल."

हल्ली सगळं उलटं झालंय. लेकीच्या टॉवरमध्ये पोर शिंकलं तरी टाळ्या वाजतात. ग्रुपवर फोटो, खाली अंगठ्यांची रांग. आमच्या सासूबाईंनी सोडलेला अंगठा हा असा परत आला. मागं त्यांच्या सोसायटीत नाचाचा कार्यक्रम झाला, नात गळ्यात मेडल घालून आली. मी म्हटलं, "अरे वा, पहिला नंबर?"

"नाही गं आजी. मेडल सगळ्यांना असतं. मी तर नाचले पण नाही, माझा पाय मुरगळला होता."

"मग मेडल?"

"आले होते ना मी."

तरी मी ठरवलं, आपणही कौतुक शिकायचं. सत्तरी उलटली म्हणून काय झालं, सासूबाई साठीत सही शिकल्या. आठवडाभर मी नातीच्या प्रत्येक गोष्टीला 'छान' म्हणायचा सराव केला. चित्र, छान. गणित, छान. दुधाचा पेला सांडला, तोंडातून गेलं, छान. एकदा ती चित्रकलेची वही घेऊन आली आणि मी डोळ्यांना चष्मा लावता लावताच म्हटलं, "फारच छान!"

"आजी, मी अजून वही उघडली पण नाहीये."

पोरं वजनकाट्यासारखी असतात. पोकळ कौतुक ठेवलं की काटा हलतच नाही. मी गुपचूप वही उघडायला लावली. आत एक मांजर होतं, पाच पायांचं. माझ्या जिभेवर पाचवा पाय आला, मी तो गिळला आणि विचारलं, "हे इकडे काय आहे गं?" ती म्हणाली, "शेपूट. ती बसलीये ना, म्हणून खाली आलीये." बघा. मी पेन्सिल उचलली असती तर मांजराची शेपूट गेली असती.

तर या मार्चमध्ये नात एक दिवस पोळीचा तुकडा तोंडात असतानाच म्हणाली, "आजी, या वर्षी तुझ्या कॉलनीत मी भाषण करणार आहे."

माझे हात शिवशिवले. खोटं कशाला सांगू, दैदीप्यमानपासून सगळे शब्द धूळ झटकून रांगेत उभे राहिले. संध्याकाळी लेक आली तर मी तिला दारातच गाठलं. "मी नुसते मुद्दे काढून देते. दोन-तीन."

"नाही."

"बरं, मुद्दे नको. नुसतं ऐकते."

"तू ऐकत नाहीस आई. तू तपासतेस."

"पस्तीस वर्षं झाली गं त्याला!"

"मला पण माहितीये किती झाली ते." एवढं म्हणून ती चप्पल न काढताच नातीची बॅग घेऊन गेली. जिन्यात थांबून म्हणाली, "तिला काहीही विचारायचं नाहीस. शपथ घे."

"घेतली."

"माझी नाही, तुझ्या पेन्सिलीची घे."

मग तालमी नाहूरला सुरू झाल्या. दोघींच्या, बंद दाराआड. माझ्याकडे असली की नात आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची आणि पुटपुटायची. एकदा मी दाराला कान लावला. पुटपुट थांबली. आतून आवाज आला, "आजी, दाराखालून तुझे पाय दिसतायत."

मला खरी धास्ती नातीची नव्हती. ती डुलली काय, अडकली काय, गावभर पडून पुन्हा उठणारी पोर आहे. धास्ती माझी मला होती. इतक्या वर्षांनी माझी लेक त्या मंडपात पाऊल टाकणार होती, ज्यात तिनं दहाव्या वर्षानंतर कधी पाऊल टाकलं नव्हतं. जयंतीला माझ्या घरापर्यंत यायची, जेवायची, खिडकीतून पताका बघायची, खाली उतरायची नाही. आता मुलीसाठी उतरणार होती. आणि मी जर सवयीनं एक ओठ हलवला असता, एक, तर ती पुन्हा उतरली नसती. माझ्यासमोर तर नाहीच.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. दुसरी रांग, कडेच्या खुर्च्या. जागा मी निवडली नव्हती, कार्यकर्त्यांनी आपोआप दिली. लेकीनं पर्स उघडली आणि त्यातून लॅबमधला एक कोरा मास्क काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"मला सर्दी नाहीये."

"मला माहितीये."

मी मास्क लावला. पुढच्या रांगेतून कुणीतरी वळून विचारलं, "काय ताई, बरं नाही का?" लेक म्हणाली, "जुनं दुखणं आहे."

नातीचं नाव पुकारलं. ती गेली, माइक तिच्या कपाळाशी येत होता, तो तिनं स्वतःच खाली ओढला. व्यासपीठाला आदरणीय म्हणाली नाही. फोटोला नमस्कार केला आणि सुरू झाली.

"माझ्या पणजीला सही करता येत होती. आधी येत नव्हती."

 मास्कच्या आत माझे ओठ आपोआप हलले : *सही करायला लागली की बँकेतले काका...* आणि स्पीकरवरून आलं, "ती सही करायला लागली की बँकेतले काका चहा पिऊन यायचे, तरी तिची सही चालूच." पस्तीस वर्षांपूर्वी मी जे एकदाच वाचलं, तेही रेघ ओढण्यापुरतं, ते मला शब्दन् शब्द पाठ होतं. जिभेपर्यंत. मंडप हसला, पण कसा, आपलं माणूस ओळखीचं निघाल्यावर हसतात तसा. बँकेतले हसले, रेल्वेतले हसले, एक निवृत्त प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "आमची आई काना काढताना श्वास रोखून धरायची."

आणि मग माझे ओठ थांबले. पुढचं मला माहीत नव्हतं. पुढचं दुसऱ्या पानावर होतं.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या मंडपात इतरांसारखी बसले, पुढचा शब्द काय येतो याची वाट बघत.

"पणजीला सही माझ्या आजीनं शिकवली," नात म्हणाली. "आजी तिची सून. आजी ऑफिसातून दमून यायची, तरी पाटी घेऊन पणजीच्या मागे बसायची आणि तिचा हात धरायची. पणजी रोज चुकायची. आजी रोज म्हणायची, 'असू द्या आत्या, कालच्यापेक्षा वळण आलं.' वळण कधी आलंच नाही. पण सही आली."

इथं ती अडकली. तिनं माझ्याकडे बघितलं. मास्क. आईकडे बघितलं. माझी लेक ओठ घट्ट मिटून, हात मांडीखाली दाबून बसली होती. नातीनं गुडघा खाजवला आणि माइकमध्येच म्हणाली, "थांबा हं, आठवतंय."

लोक थांबले. पाच-सहा श्वास गेले असतील. कुणी मेलं नाही, मंडप कोसळला नाही, फोटोवरचा हार जागच्या जागी होता. मग तिला आठवलं.

"माझी आई तेव्हा शेजारी बसून गृहपाठ करायची. ती म्हणते, मला सही लवकर आली ना, म्हणून मला कोणी तसं म्हणालं नाही." मग समोर बघून, "संपलं."

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या की नाही, आठवत नाही. मला आठवतंय ते एवढंच, की सासूबाईंचा तो खरखरीत, गरम हात माझ्या हातात असायचा आणि खरोखर मी तसं म्हणायचे. रोज. न चिडता. कारण त्या चुकल्या तर माझं काही जात नव्हतं. लेक चुकली की मला वाटायचं मीच चुकले, वरच्या ठळक प्रतीवर, सगळ्यांसमोर. माझ्याजवळ तो मऊ आवाज नव्हता असं नाही. होता. तो मी आतल्या खोलीत ठेवून बाहेर यायचे.

कार्यक्रम संपल्यावर खिरीच्या वाट्या घेऊन आम्ही तिघी बाजूला, स्कूटरी लावतात तिथं उभ्या राहिलो. नात माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, कसं झालं?"

डुललीस. 'श'चा 'स' झाला. 'संपलं' म्हणून कोणी भाषण संपवतं का! तिन्ही गोष्टी मास्कच्या आत रांगेत उभ्या होत्या. मास्क ही फार उपयोगी वस्तू आहे.

"मला काय विचारतेस? भाषण जिचं आहे तिला विचार."

लेक स्कूटरच्या आरशात बघत होती. तसंच बघत म्हणाली, "आणि मला कोण सांगणार?"

थट्टेतच म्हणाली. पण पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मी मास्क हनुवटीवर ओढला. "दुसरं पान मी वाचलंच नव्हतं गं."

"माहितीये. पहिल्यावरच पेन्सिल मोडलीस ना."

"आहे का कुठं ते?"

"पान नाहीये. पाठ आहे."

"मग म्हण."

"काहीतरीच काय आई! इथं? स्कूटरींसमोर?"

"स्कूटरी हसत नाहीत. ओठ पण हलवत नाहीत."

तिनं माझ्याकडे बघितलं, मी शपथेवर उभी आहे की नाही ते तपासत. तपासण्यात पोरगी माझ्यावरच गेलीये. मग वाटी स्कूटरच्या सीटवर ठेवली आणि सुरुवात केली. आवाज अगदी बारीक. मान खाली. हात कुठं ठेवावे कळत नव्हतं. "माझ्या आजीला सही करता येते," ती म्हणाली, पंचेचाळीस वर्षांची बाई, 'येत होती' नाही, 'येते.' काका चहा पिऊन आले, जीभ बाहेर आली, पाटी आली. आणि 'कालच्यापेक्षा' इथं येऊन ती थांबली.

मी थांबले. पण शेजारी बघते तर आमची नात आईच्या तोंडाकडे टक लावून उभी, आणि तिचे ओठ हलतायत. दोन शब्द पुढे.

मी लेकीच्या लॅबचे सगळे नियम मोडून माझा मास्क काढला आणि नातीच्या तोंडाला लावला.

"थांबा हं," लेक म्हणाली. "आठवतंय."

आम्ही दोघी थांबलो. खीर गार होत होती.